पूर्ण झालेला गेम तो पुन्हा पुन्हा का खेळतो?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. गेले काही महिने रोज रात्री जेवण झालं की तो लॅपटॉपवर ‘सेलेस्ट’ नावाचा गेम घेऊन बसतो. लाल केसांची एक मुलगी डोंगर चढते, एवढंच मला कळलंय. गेम त्याने मागच्या वर्षीच पूर्ण केला होता. ती शिखरावर पोचते तो शेवट त्याने मला कौतुकाने दाखवलाही होता. तरी आता रोज पहिल्यापासून सुरू करतो. मध्ये एक पडकं हॉटेल लागतं, तिथे काही चुकलं की चुकचुकतो, एक बटण दाबतो आणि ती मुलगी पुन्हा पायथ्याशी. बाजूला घड्याळ पळत असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली ‘३८:१२’, ‘३७:४०’ असे आकडे लिहून ठेवतो.

गेल्या आठवड्यात रात्रीचे साडेबारा वाजले तरी उठेना, म्हणून मी रागाने लॅपटॉपचं झाकण मिटलं. तो ओरडला नाही. “आई, मी आठ सेकंद पुढे होतो,” एवढंच म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याचे बाबा म्हणतात, हे वेड आहे, डॉक्टरला दाखवू. कॉलेज बुडवत नाही, मार्क बरे आहेत. जिमला जायचा, ते मात्र सोडलं. रात्री हेडफोन लावून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत असतो. तेच तेच करण्यात याला मिळतं काय? आणि वाढदिवसाला त्याला कंट्रोलर हवाय. घेऊ का? लहानपणी मीही भावाच्या व्हिडिओ गेमवर मारिओ खेळायचे, पण आमचं संपलं की संपलं असायचं.

– एक आई, नाशिक

उत्तर:

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या मारिओमध्येच आहे. तुमचा मुलगा करतो त्याला ‘स्पीडरन’ म्हणतात: गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत दर वेळी आधीपेक्षा कमी वेळात संपवायचा. अशी एक धाव म्हणजे एक फेरी.

तुम्ही खेळायचात तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. निन्टेन्डोने तो १९८५ मध्ये जपानात काढला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम मिळायचे, ते बहुतेक निन्टेन्डोच्या यंत्राची स्वस्त नक्कल असायचे. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं असायचं आणि त्यात मारिओ हमखास असायचा. पहिल्या जगाचा दुसरा टप्पा आठवा, जमिनीखालचा. तिथे वरच्या विटांवर चढून, छतावरून पळत शेवटपर्यंत गेलं की तीन पाइप लागायचे आणि त्यातल्या एकातून थेट चौथ्या जगात जाता यायचं. ही खबर तेव्हा शाळाशाळांतून तोंडोतोंडी फिरायची. चौथ्या जगातही अशीच एक लपलेली वाट आहे, ती आठव्या जगात नेते. म्हणजे एकूण ३२ टप्प्यांचा हा गेम फक्त ८ टप्पे खेळून संपवता येतो.

ते ८ टप्पे किती वेळात संपतात? एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या नावाने खेळणाऱ्याने ते ४ मिनिटं ५४.९४८ सेकंदांत संपवले. ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या खाली येणारा तो पहिला माणूस. त्यानंतर हा विक्रम मोडला गेलाय, पण सगळी सुधारणा मिळून एक सेकंदसुद्धा भरत नाही. संगणकाच्या मदतीने पडद्यावरच्या एकेका चित्राला गेम थांबवून, कुठल्या क्षणी कुठलं बटण हे आधीच ठरवून जी सर्वांत वेगवान फेरी बांधली गेली आहे, तीही ४ मिनिटं ५४ सेकंदांच्या वरच आहे. माणसाचे हात आणि ती अशक्य वाटणारी फेरी यांच्यात आता डोळ्याची पापणी लवायलाही अवकाश उरलेला नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या, लहान मुलांसाठी काढलेल्या गेममध्ये माणसं अजून सेकंदाचे तुकडे शोधतायत, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

हे तुकडे कसे सापडतात ते थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या मुलाच्या डोक्यात रात्री काय चालू असतं ते यावरून कळेल. टीव्हीवर हा गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतो. त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. या गेममध्ये टप्पा संपला की पुढचा लगेच सुरू होत नाही. पुढे जायचं का, हे गेम दर २१ फ्रेमनी एकदाच तपासतो, म्हणजे साधारण दर ०.३५ सेकंदाला एकदा. खेळाडू नवख्याला हे बसच्या उदाहरणाने समजावतात. बस दर २१ फ्रेमनी सुटते. तुम्ही स्टँडवर थोडं आधी पोचलात काय नि अगदी सुटता सुटता पोचलात काय, निघणार त्याच बसने. पण एका फ्रेमने चुकलात तर पुढची बस येईपर्यंत थांबायचं. त्यामुळे एखाद्या टप्प्यात दहा-बारा फ्रेम वाचवून काहीच हाती लागत नाही. आधीची बस पकडण्याइतपत वाचल्या, तरच त्या कामाच्या.

मग आधीची बस पकडायची कशी? टप्प्याच्या शेवटी झेंड्याचा खांब असतो आणि मारिओने तो धरला की झेंडा खाली येईपर्यंत वेळ जातो. खेळाडूंच्या लक्षात आलं की खांबाच्या बुंध्याशी जी वीट आहे, तिच्यात मारिओला नेमक्या जागी, नेमक्या वेगाने घुसवलं तर झेंडा खाली यायची वाट पाहावी लागत नाही. यात चूक व्हायला दोन-तीन फ्रेमचीही सवलत नाही. ही युक्ती कंपनीने ठेवलेली नव्हती. गेम लिहिताना राहून गेलेली एक फट होती ती. कुणीतरी ती पाहिली, दुसऱ्याने ती का घडते हे शोधलं, तिसऱ्याने ती हाताने दर वेळी कशी जमवायची हे शोधलं आणि सगळ्यांनी ते एकमेकांना सांगितलं. शेवटच्या टप्प्यात मात्र बस नाही. तिथे राक्षसाच्या पुलाजवळच्या कुऱ्हाडीला हात लागला की घड्याळ थांबतं, म्हणून तिथे एकेक फ्रेम मोजली जाते. साडेचार मिनिटं सगळं जमून आलेला माणूस तिथे पोचतो तेव्हा त्याच्या हाताला घाम सुटलेला असतो.

आता सेलेस्टकडे येऊ. हा गेम जानेवारी २०१८ मध्ये आला. त्याचं मूळ रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये चार दिवसांत केलं होतं, अगदी चिमुकलं, आणि पुढे त्याचा मोठा गेम झाला. नायिका मॅडलिनला तीनच गोष्टी येतात: उडी, भिंतीला धरून चढणं, आणि हवेत एक झेप, जिला खेळाडू डॅश म्हणतात. डॅश आठ दिशांना मारता येतो. तो वापरला की तिचे लाल केस निळे होतात आणि जमिनीला पाय लागला की पुन्हा लाल. बस, एवढंच सामान. यातच पहिल्यांदा खेळणाऱ्याला आठ-दहा तास पुरेल एवढा डोंगर उभा केलाय. उत्तम खेळाडू तोच डोंगर अर्ध्या तासाच्या आत चढतात. तुमचा मुलगा ३७ मिनिटांवर आहे, म्हणजे तो चांगलाच खेळतो, हे आधी सांगून ठेवते. बाबांनाही सांगा.

या गेमचं एक गुपित मला फार आवडतं. मॅडलिन कड्यावरून पुढे गेली, पाय हवेत आला, तरी पुढचा साधारण दहावा हिस्सा सेकंद तुम्ही उडीचं बटण दाबलंत तर गेम ती उडी मान्य करतो. जमिनीला पाय टेकायच्या किंचित आधी बटण दाबलंत तरी तो ते लक्षात ठेवतो आणि टेकताक्षणी उडी देतो. डोकं छताच्या कोपऱ्याला निसटतं लागलं तर हळूच बाजूला सरकवतो. खेळणाऱ्याला हे काही दिसत नाही. त्याला फक्त वाटतं की आपलं मन आणि ती मुलगी यांच्यात अंतरच नाही. आणि मेली तरी क्षणात त्याच पडद्याच्या सुरुवातीला परत उभी. रागवायला वेळच मिळत नाही, बोट आधीच पुढच्या प्रयत्नाला लागलेलं असतं. वेगवान प्लॅटफॉर्म गेमचं, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या अशा गेमचं, सगळं आकर्षण मला या एका गोष्टीत दिसतं: चूक आणि तिची दुरुस्ती यांच्यात एका सेकंदाचं अंतर. आपल्या बाकीच्या आयुष्यात हे कुठे मिळतं? परीक्षा दिली की निकाल दोन महिन्यांनी. नोकरीत केलेली चूक कळते वर्षअखेरीला, तीही दुसऱ्याच्या तोंडून. इथे हात चुकला की लगेच कळतं, कुठे चुकला तेही कळतं, आणि तीच जागा तशीच्या तशी पुन्हा समोर येते.

तशीच्या तशी, यावर मुद्दाम जोर देते. पत्त्यांत पानं बदलतात, क्रिकेटमध्ये खेळपट्टी बदलते. सेलेस्टचा डोंगर आज आहे तसाच उद्या असतो, काटे तिथेच, फळ्या तिथेच. त्यामुळे कालपेक्षा आज दोन सेकंद कमी लागले तर ते दोन सेकंद कुणी दिलेले नसतात, नशिबाने मिळालेले नसतात. ते त्याच्या हाताने कमावलेले असतात. कॅलेंडरवरचे आकडे म्हणजे हेच. तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांत ३२ सेकंदांचा फरक आहे. ३८:१२ वरून ३७:४०. तो फरक कुठून आला असं त्याला विचाराल तर तो तुम्हाला जागा दाखवून सांगेल, माझी खात्री आहे.

उदाहरणार्थ, तो कदाचित तुम्हाला ‘वेव्हडॅश’ दाखवेल. जमिनीपासून जरा वर असताना तिरका खाली डॅश मारायचा आणि पाय टेकले रे टेकले की उडी. डॅशचा वेग वाया जात नाही, उडीत उतरतो, आणि मॅडलिन पडदाभर लांब फेकली जाते. उडीला जरा उशीर झाला तर वेग मेला. बघताना हे डोळ्यांत भरत नाही, ती जरा जास्त लांब गेली एवढंच दिसतं. करणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी तो वेग बोटांतून गेल्यासारखा जाणवतो. सप्टेंबर २०१९ मध्ये गेमचा शेवटचा भाग फुकट दिला गेला, त्यात ही युक्ती शिकवायला चक्क एक स्लाइड शो ठेवलाय. गेम करणाऱ्यांनी खेळाडूंच्या या धावण्याला असं उघड आपलं मानलं. गेमच्या सेटिंगमध्ये स्पीडरनसाठीचं घड्याळही आहे, म्हणजे तुमचा मुलगा काही आडमार्गाने भलतं करत नाहीये.

ही ओढ नवीनही नाही. सेगा कंपनीचा ‘सोनिक’ १९९१ मध्ये आला, पळणारा निळा हेजहॉग, म्हणजे काटेरी अंगाचा एक छोटा प्राणी. त्याचा प्रोग्रामर यूजी नाका याने सांगून ठेवलंय की मारिओचा पहिला टप्पा तो दर वेळी आधीपेक्षा लवकर संपवायच्या नादाला लागायचा आणि वेगवान गेमची कल्पना त्यातून आली. संपलेलं पुन्हा खेळणाऱ्या एका माणसाच्या हौसेतून एवढा मोठा गेम उभा राहिला.

तुम्हाला वाटेल, त्याचे एवढे प्रयत्न फुकट जातात त्याचं काय? २०१० मध्ये आलेल्या ‘सुपर मीट बॉय’ या गेममध्ये एक सोय आहे, ती यूट्यूबवर एकदा जरूर पाहा. टप्पा जिंकला की गेम तुमचे त्या टप्प्यातले सगळे प्रयत्न एकाच वेळी लावून दाखवतो. लाल चौकोनी पोरांची झुंड एकदम धावत सुटते. काही पहिल्याच करवतीवर संपतात, काही जरा पुढे, काही अगदी दारापाशी, झुंड विरळ होत जाते आणि एकच आत पोचतो. बघताना छाती भरून येते. कारण तो एक पोचला तो त्या सगळ्यांमुळेच, हे समोर दिसत असतं. पहिल्या करवतीची जागा ज्याने दाखवली तोही त्यातच धावत असतो.

आता हॉटेलाबद्दल. तो तिसरा अध्याय. तिथून तो परत पायथ्याशी येतो ते मॅडलिन मेली म्हणून नव्हे. मेल्याने जातो फार तर एखाददुसरा सेकंद. पण घड्याळाशेजारी प्रत्येक अध्यायाचा त्याचा आधीचा वेळ दिसत असतो. पुढे असेल तर हिरवा आकडा, मागे असेल तर लाल, आणि त्या तुकड्यात आजवरचा सर्वांत कमी वेळ लागला तर सोनेरी. हॉटेलातून बाहेर पडताना आकडा फार लाल झाला की ही फेरी आता कामाची नाही, हे त्याला कळतं आणि तो नव्याने सुरू करतो. यालाच ते रीसेट म्हणतात. आणि तुम्ही झाकण मिटलंत त्या रात्री तो ‘आठ सेकंद पुढे’ होता. अर्धा तास सगळं हिरवं होतं आणि शेवट समोर होता. अशी फेरी रोज येत नाही.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं: झाकणाबद्दल त्याची माफी मागा. फक्त झाकणाबद्दल. साडेबारा वाजता झोपायला सांगणं अगदी योग्य होतं आणि त्यात मागे हटायचं कारण नाही. पण दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या तर तो झोपेचाही राग धरेल. “तुझी फेरी चालू आहे हे मला कळलं नाही, ते मी करायला नको होतं. पण रोज साडेबारापर्यंत जागणं मला चालणार नाही,” इतकं साधं बोला.

झोपेचा प्रश्न खरा आहे, आणि या छंदाची जी एकमेव गोष्ट मला काळजीची वाटते ती त्यातच आहे. ती म्हणजे रीसेट. सिनेमा संपतो, मॅच संपते, कादंबरीचं प्रकरण संपतं. इथे प्रत्येक बिघडलेल्या फेरीनंतर कोरी फेरी तयार असते आणि ‘आता एकच’ म्हणता म्हणता दोन तास जातात. ही तुमच्या मुलाच्या स्वभावातली खोट नाही, रचनाच तशी आहे. म्हणून नियम घड्याळाच्या काट्यावर नको, फेरीच्या सुरुवातीवर हवा: साडेदहानंतर नवी फेरी सुरू करायची नाही. चालू असलेली पूर्ण होऊ द्यायची. त्याची फेरी ३७ मिनिटांची, म्हणजे फार तर सव्वाअकराला तो मोकळा. हा नियम त्याच्यासोबत बसून ठरवा, आकडा त्याला सुचवू दे. आणि मग त्या वेळेच्या आत त्याला मध्ये हाक मारू नका.

आजाराबद्दल बाबा विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंगचा विकार आहे हे खरं. पण त्यात किती तास खेळतो हे मोजमाप धरलेलं नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान होतंय हे दिसूनही चालूच राहणं, आणि त्यामुळे शिक्षण, घर, माणसं यांत मोठा बिघाड होणं, हे सगळं साधारण वर्षभर दिसलं तर डॉक्टर तसा विचार करतात. तुमचा मुलगा कॉलेजला जातोय, अभ्यास सांभाळतोय, गेम पूर्ण केला तेव्हा शेवट तुम्हाला कौतुकाने दाखवलाही. हे चित्र आजाराचं नाही. रात्रंदिवस तेच, आंघोळ-जेवण सुटलं, परीक्षा बुडवली असं काही झालं तर मात्र वेळ काढू नका. केंद्र सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, फुकट बोलता येतं.

पैशाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण बाबांच्या मनात असेल. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, आणि त्या गेमांनी घरं धुऊन नेलेली आपण पाहिली आहेत. सेलेस्टचा त्याच्याशी काही संबंध नाही. एकदा विकत घेतला की झालं, आत लावायला पैसा नाही, जिंकायला पैसा नाही.

जिम मात्र मला खटकली. अभ्यास सांभाळून राहिलेला वेळ गेमला गेला, इथवर ठीक. पण आधी आवडीने करायचा ते सुटलंय, तेव्हा का सुटलं हे विचारा. ‘गेममुळे सोडलीस ना’ असं नको, नुसतं ‘जिम का रे बंद केलीस?’ कारण गेम नसेलही. फी असेल, तिथला कुणी चिडवत असेल, काही दुखत असेल. मनगट दुखतंय का, हे तर नक्की विचारा. तासन् तास तीच बटणं दाबून हात कायमचे दुखावलेले खेळाडू आहेत, आणि १९ व्या वर्षी पोरं दुखणं लपवतात.

रात्री तो इंग्रजीत कुणाशी बोलतो? बहुधा असाच गेम पळवणाऱ्या दुसऱ्या कुणाशी. या छंदात माणसं एकमेकांची चढाओढ करतात आणि त्याच वेळी आपल्या युक्त्या एकमेकांना उघड शिकवतात. दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत असं फारसं पाहायला मिळत नाही. २०१० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या अशाच काही मंडळींनी एकाच्या आईच्या घराच्या तळघरात बसून, सलग गेम पळवत, लोकांना ते इंटरनेटवर दाखवत देणग्या गोळा केल्या. १० हजार डॉलरहून जास्त जमले. तोच ‘गेम्स डन क्विक’ उपक्रम आज वर्षातून दोनदा मोठ्या सभागृहात होतो, आठवडाभर रात्रंदिवस चालतो, आणि २०२२ च्या जानेवारीतल्या एका आठवड्यात कर्करोग प्रतिबंधाच्या कामासाठी त्यांनी ३४ लाख डॉलर उभे केले. यातलं काही त्याच्यासोबत बसून पाहा. पळवणारा खेळत असतो आणि शेजारी बसलेला मित्र समजावत असतो, त्यामुळे तुम्हालाही कळेल. अनोळखी माणसांबाबत जी खबरदारी घ्यायची ती घ्यायलाच हवी: पत्ता, फोटो, पैसे यांची देवाणघेवाण नको. १९ वर्षांच्या मुलाला हे एकदा सांगून पुरतं.

बाबांचा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो: याचा उपयोग काय? मी खोटं सांगणार नाही. यामुळे त्याचं गणित सुधारेल, नोकरी मिळेल, एकाग्रता वाढेल असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही असं सांगून त्यांची समजूत काढू नका. एक अवघड गोष्ट स्वतःच्या समाधानापुरती अधिक सुंदर करत नेणं, एवढंच यात आहे. शिक्षण, घर आणि तब्येत जागच्या जागी असताना एखाद्या तरुणाला दिवसाकाठी तास-दीड तास इतका आनंद देणारी गोष्ट सापडली असेल, तर उपयोगाच्या तराजूत घालून ती हलकी ठरवायचा हक्क आपल्याला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आणि त्याच्याकडून एक टप्पा शिकून घ्या. सेलेस्टमध्ये ‘असिस्ट मोड’ आहे. त्यात गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, दमणं बंद करता येतं, मरणंही बंद करता येतं. तुम्ही मारिओ खेळलेल्या आहात, बोटांना जुनी सवय परत येईल. खेळताना त्याला गोष्टीबद्दल विचारा. मॅडलिनला मनाची अस्वस्थता आहे, धाप लागते, भीती दाटून येते, आणि रोपवेच्या पाळण्यात अडकलेली असताना एक मित्र तिला डोळ्यांसमोर पीस आणून श्वास सावकाश घ्यायला शिकवतो. १९ वर्षांचा मुलगा ही गोष्ट का निवडतो, हे त्याने आपणहून सांगितलं तर ऐका. नाही सांगितलं तर खोदू नका.

राहिला कंट्रोलर. आधी त्याला विचारा की आत्ता कशावर खेळतो. सेलेस्टचे कित्येक चांगले खेळाडू कीबोर्डवरच खेळतात, कारण आठ दिशांचा डॅश अचूक मारायला सुट्या कळा बऱ्या पडतात. कंट्रोलरवर खेळणारेही तितकेच चांगले आहेत. त्याच्या हातात कंट्रोलर आला की पहिले काही आठवडे त्याच्या फेरीला लागणारा वेळ वाढेल, आणि हे त्याला माहीत असणार. तरीही हवा असेल तर मनगटाला आराम हवा म्हणून मागत असेल का, हे बघा. तसं असेल तर लगेच घ्या, आणि नाशिकमध्येच एखाद्या दुकानात नेऊन हातात धरून बघू द्या, बटण घट्ट आहे की सैल हे फोटोवरून कळत नाही. पलंगावर मांडी घालून खेळत असेल, तर मात्र आधी बरी खुर्ची आणि टेबल घ्या, कंट्रोलर पुढच्या वाढदिवसाला.